कचऱ्यात टाकण्याआधी डोळा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाजराचा शेंडा बशीत ठेवला, कांद्याचं बूड पेल्यात ठेवलं, अवोकाडोची बी काड्या टोचून पाण्यावर अधांतरी धरली आणि कोशिंबिरीतून उरलेल्या काकडीच्या बिया कुंडीत पेरल्या. गाजराला पानं आली पण गाजर आलं नाही, कांदा कुजला, अवोकाडोची बी चार आठवडे तशीच आहे आणि काकडी उगवलीच नाही. तर स्वयंपाकघरात उरलेल्या तुकड्यांपासून खरंच काही पिकतं का?

पिकतं. मी बरीच वर्षं कुंड्यांमध्ये भाजी लावते, इतरांनाही शिकवते, आणि आलं, लसूण, पुदिना, कांद्याची पात या गोष्टी माझ्याकडे उरलेल्या तुकड्यांवरच चालतात. तुमचे प्रयोग वाचून मला वाईट वाटलं ते याचं, की मेहनत तुम्ही केलीत आणि चुकीचं आश्वासन दुसऱ्या कुणी दिलं होतं. गाजराने आणि काकडीने त्यांना जे शक्य होतं तेच केलं. कांदा मात्र वाचवता आला असता, आणि अवोकाडोची बी अजून मेलेली नाही.

कुठलाही तुकडा हातात घेतला की मी दोन गोष्टी बघते. त्याच्यावर डोळा आहे का? डोळा म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती झोपलेली कळी. आणि त्या कोंबाला स्वतःची मुळं फुटून तो कमावता होईपर्यंत पुरेल इतकी शिदोरी तुकड्यात आहे का? डोळा असतो तो मुख्यतः खोडावर. बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो खोडच आहे, फुगलेलं खोड, म्हणून त्याच्या अंगावर डोळे दिसतात. आलं आणि हळद हीसुद्धा आडवी वाढणारी खोडं. कांदा आणि लसणात खोड म्हणजे तळाशी असलेली ती कठीण चकती, जिच्यातून खाली मुळं आणि वर पात निघते. ती चकती कापून टाकली तर उरलेला कांदा कितीही ताजा असो, त्यातून काही येणार नाही.

गाजर हे मूळ आहे. त्याचं खोड म्हणजे अगदी वर, पानांच्या बुडाशी असलेला बोटभर जाडीचा भाग. तुम्ही बशीत ठेवलात त्या तुकड्यात डोळा होता, म्हणून पानं आली. पण जे सोटमूळ एकदा कापलं गेलं ते पुन्हा फुगत नाही. नवी बारीक मुळं फुटतील, त्यांचं गाजर होणार नाही. मुळा आणि बीट यांचंही तेच. बीटची कोवळी पानं मात्र खायला उत्तम, त्यामुळे बीटचा शेंडा दोन-तीन आठवडे बशीत ठेवणं मला वाया गेलेलं वाटत नाही. गाजराची पानं थोडी कडसर, तरी चिरून घालता येतात.

आता पाण्यातली पात. इथे सर्वात जास्त लोक सुरुवात करतात आणि इथेच सर्वात जास्त तुकडे कुजतात. पातीचा कांदा घ्या, मुळांसकट खालचा दोन-तीन सेंटिमीटर पांढरा भाग ठेवा आणि अरुंद पेल्यात उभा करा. पाणी फक्त मुळं बुडतील एवढंच, सेंटिमीटरभर. तुमचा कांदा कुजला कारण तो अर्धा पाण्यात होता असं तुम्ही लिहिलंय. बुडालेल्या पापुद्र्यांना हवा मिळत नाही, ते मरतात, आणि मेलेल्या भागावर जिवाणू वाढले की पाणी गढूळ होतं. पाणी रोज बदला, फार तर एक दिवसाआड. बदलताना पेला आतून बोटाने घासून धुवा, कारण तो बुळबुळीत थर नव्या पाण्यातही तसाच वाढत राहतो. कांदा बुळबुळीत झाला, वास येऊ लागला, तर तो टाकूनच द्या. त्याची पात हिरवी दिसली तरी खाऊ नका. चांगली पातसुद्धा कापल्यावर धुऊन घ्या.

आठवड्याभरात पात वीतभर होते आणि बघून फार आनंद होतो. पण ती पात कशातून झाली? नळाच्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतं. पान प्रकाशातून साखर बनवू शकतं, पण बाकीचं सगळं त्या पांढऱ्या बुडातल्या साठ्यातून ओढलं जातं. म्हणून दुसरी कापणी पहिलीपेक्षा बारीक येते, तिसरी केसासारखी. मी पहिल्या कापणीनंतर कांदे सरळ कुंडीत लावते, पांढरा भाग मातीत आणि हिरवा वर. मातीत गेलेली तीच रोपं महिनोन् महिने पात देतात. पाणी हा थांबा आहे, मुक्काम नाही, असं मी शिकवताना सांगते. लीक आणि सेलरीचं बूडही याच पद्धतीने चालतं, फक्त सेलरीला आठवड्याने मधोमध पिवळसर पानं दिसू लागली की लगेच मातीत हलवा. लेट्यूस आणि कोबीचा बुंधा चार-सहा छोटी पानं देतो आणि मग बहुतेक वेळा फुलोऱ्याकडे वळतो; लेट्यूस तेव्हा कडू होतं. पूर्ण गड्डा पुन्हा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मोठा, सुका कांदा घरात आपोआप फुटला तर तो कापून वाया घालवू नका. अख्खा, अर्धा मातीबाहेर राहील असा लावा. पात भरपूर मिळते. थोड्या दिवसांनी मधून एक पोकळ, जाड दांडा वर येईल, त्याला शेतकरी डेंगळे म्हणतात. कांदा हे दोन हंगामांचं पीक आहे: पहिल्या हंगामात गड्डा, थंडीचा काळ सोसल्यावर दुसऱ्या हंगामात फूल. साठवणीतल्या कांद्याने पहिला हंगाम शेतातच संपवलेला असतो, म्हणून तो आता मोठा गड्डा करायच्या नादी लागत नाही. पात हवी असेल तर दांडा दिसताच खुडा. बी हवं असेल तर राहू द्या.

पुदिना आणि बेझिलसाठी डोळा म्हणजे पेर, देठावर पान जिथे जोडलेलं असतं ती गाठ. पेराच्या अगदी खाली कात्रीने तिरका काप द्या, खालची पानं काढा आणि एक-दोन पेरं पाण्यात राहू द्या. पुदिन्याला आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात, बेझिलला थोडा जास्त वेळ. फुलावर आलेला देठ घेऊ नका, त्याची ताकद फुलाकडे वळलेली असते. आणि देठ उलटा लावू नका. हे सांगायची गरज वाटत नाही, पण पानं काढलेल्या देठाची वरची-खालची बाजू सहज चुकते. देठात मुळं फोडणारं संप्रेरक वरून खाली वाहतं, त्यामुळे उलट्या देठाला मुळं फुटली तरी अडखळत फुटतात. मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की मातीत लावा. फार लांब होऊ देण्यात फायदा नाही, कारण पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात आणि मातीत गेल्यावर झाडाला बऱ्याच अंशी नवी मुळं करावी लागतात. म्हणून पहिला आठवडा माती सतत ओलसर आणि कुंडी सावलीत. गवती चहाच्या जाड बुडालाही असंच करता येतं. कोथिंबिरीच्या देठांवर मात्र वेळ घालवू नका. धणे घ्या, लाटण्याने हलके दाबून दोन फाका करा आणि पेरा. प्रत्येक फाकेत एक बी असते.

आता मी जिथे सर्वांना नेऊ बघते ती गोष्ट: ज्यातून खरोखर जेवणात मोजता येईल एवढं पीक निघतं. ते सगळं मातीत होतं, आणि त्याला महिने लागतात.

आलं मला सर्वात प्रिय. टोपलीत पडून पडून सुरकुतलेला तुकडा, ज्याच्या टोकाला फिकट पिवळी किंवा हिरवट टोकदार गाठ दिसते, तेच आपलं बेणं. चार-पाच सेंटिमीटरचा, एक-दोन डोळे असलेला तुकडा मोडा. रात्रभर पाण्यात ठेवा आणि मग मोडलेली बाजू एक-दोन दिवस हवेत वाळू द्या, म्हणजे तिच्यावर साल धरते आणि बुरशी आत शिरत नाही. रुंद कुंडी हवी, खोल असायची फारशी गरज नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटर खोली पुरते, कारण आलं आडवं पसरतं. डोळा वर करून चार-पाच सेंटिमीटर मातीखाली ठेवा. आणि मग हात आवरा. कोंब वर यायला तीन ते सहा आठवडे लागतात, गारव्यात त्याहून जास्त, आणि या काळात त्याला पान नसतं, म्हणजे पाणी उडवायचं साधनच नसतं. रोज घातलेलं पाणी मातीत साचतं आणि तुकडा आतून कुजतो. माती वाफशावर असावी: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. आलं कुजवून आलेले लोक मला जेव्हा म्हणतात की बेणं खराब होतं, तेव्हा मी आधी पाण्याचं विचारते.

पानं आल्यावर आल्याला ऊब, थोडी सावली आणि भरपूर कंपोस्ट आवडतं. चार-पाच महिन्यांनी कडेची माती बोटांनी सरकवून थोडं कोवळं आलं मोडून घेता येतं, बाकीचं झाड वाढत राहतं. पूर्ण काढणी आठ ते दहा महिन्यांनी, पानं पिवळी पडून लोळली की. त्यातला डोळे असलेला एक चांगला तुकडा लगेच बाजूला ठेवा, पुढच्या लागवडीचं बेणं म्हणून. हळदीचं सगळं जवळपास असंच. एकच अडचण येते: साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून बटाटा, कांदा, आलं यांच्यावर कधीकधी औषध किंवा किरणांची प्रक्रिया केलेली असते. असा तुकडा महिनोन् महिने ढिम्म राहतो. म्हणून ज्याला घरात आपोआप कोंब आलाय तोच निवडा. त्याने आपली जिवंतपणाची साक्ष आधीच दिलेली असते.

लसणात एक बारकावा आहे. पाकळी सपाट बाजू खाली, टोक वर, तीन-चार सेंटिमीटर खोल. गड्ड्यातल्या बाहेरच्या, जाड पाकळ्या लावा, आतल्या बारीक पाकळ्या खा. उगवण जवळजवळ नक्की. पण एका पाकळीचा अनेक पाकळ्यांचा गड्डा व्हायला लसणाला थंडीचा काळ लागतो. तो मिळाला नाही तर जमिनीखाली कधीकधी एकच गोल, कांद्यासारखी पाकळी तयार होते. थंड हंगाम नसेल तर लावण्याआधी गड्डा सहा-आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. आणि गड्ड्याची वाट बघायचीच नसेल तर पाकळ्या दाटीने लावून हिरवी पात कापत राहा. छोट्या खिडकीत मी हेच करायला सांगते.

बटाट्याबद्दल थोडं सावध बोलते. कोंब आलेला बटाटा लावला तर पीक येतं, यात शंका नाही. प्रत्येकावर निदान दोन डोळे राहतील असे मोठे, अंड्याएवढे तुकडे करा, दोन-तीन दिवस वाळू द्या, लहान बटाटा अख्खाच लावा. नुसत्या सालींतून रोप उगवलं तरी मरतुकडं निघतं. डोळा असतो, शिदोरी नसते. दहा सेंटिमीटर खोल लावा आणि रोप वीतभर झालं की निम्मं झाकेल अशी मातीची भर द्या, मग आणखी एकदा. नवे बटाटे जुन्या बटाट्याच्या खाली लागत नाहीत. मातीत गाडलेल्या खोडातून फुटणाऱ्या आडव्या धुमाऱ्यांच्या टोकांना लागतात. म्हणून खोड जितकं झाकाल तितकी जागा वाढते, आणि वर आलेले बटाटे उन्हाने हिरवेही होत नाहीत. हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असतं, ते शिजवून जात नाही. गड्डे धरायला 15 ते 20 अंश सेल्सिअसचा गारवा चांगला. माती 29-30 अंशांच्या वर गेली की पाला माजतो आणि खाली फारसं काही नसतं. पाला पिवळा पडला की, म्हणजे साधारण 90 ते 120 दिवसांनी, उकरा.

सावध का, तर तुकड्यापासून वाढवलेलं झाड म्हणजे आईची हुबेहूब प्रत. आईचे गुण येतात तसे तिचे रोगही येतात. खाण्यासाठी साठवलेल्या बटाट्यात विषाणू असले तरी वरून दिसत नाहीत, म्हणून शेतकरी प्रमाणित बेणं घेतात. 1845 पासून आयर्लंडमध्ये करप्याने बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला. तिथे बहुतेक गरीब लोक एकाच वाणावर, म्हणजे एकमेकांची प्रत असलेल्या झाडांवर जगत होते, आणि हा रोग जमिनीत राहिलेल्या बाधित बटाट्यांमधून पुढच्या हंगामात जातो. घरी कुंडीत लावायला हरकत नाही. फक्त मोठ्या वाफ्यात लावू नका, आणि ती माती पुढे टोमॅटोला किंवा पुन्हा बटाट्याला वापरू नका. टोमॅटो त्याच कुळातला, त्यालाही तोच करपा होतो.

रताळं मूळ असूनही त्याला कोंब फुटतात, हा वर सांगितलेल्या नियमाला अपवाद. अर्धं ओल्या मातीत आडवं ठेवा, उबेत. कोंब पंधरा-वीस सेंटिमीटरचे झाले की ते अलगद तोडून लावायचे, रताळं नाही. एका रताळ्यातून डझनभर वेल सहज निघतात. साडेतीन ते पाच महिन्यांत काढणी.

राहिल्या बिया, आणि तुमची काकडी. काकडी, वांगी, भेंडी, कोवळ्या शेंगा आपण कच्च्या वयात खातो. त्यांचं बी अजून भरलेलंच नसतं. काकडी वेलावर पिवळी, जून होईपर्यंत राहिली तरच बी उगवतं. हिरव्या ढोबळी मिरचीचंही तसंच, लाल झालेली घ्या. टोमॅटो, पिकलेला लाल भोपळा, पपई मात्र पिकल्यावरच आपल्या हाती येतात, म्हणून त्यांचं बी चालतं. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत गर तिला उगवू देत नाही; गरासकट बिया पेल्यात थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्या, फेस आला की धुवा, तळाशी बसलेल्या बिया बशीत वाळवा. उबेत पाच ते दहा दिवसांत उगवतात. रोप हलवताना खोड पानांपर्यंत खोल गाडा, त्या खोडाला मुळं फुटतात. संकरित टोमॅटोची पिल्लं आईसारखी निघत नाहीत, पण मला त्यांचं वाईट वाटत नाही, बहुतेक खाण्याजोगी असतात.

भोपळा, दुधी, काकडी या वर्गात मात्र एक धोका आहे. घरच्या बियांपासून आलेलं फळ परागीकरणात मिसळून कधीकधी अतिशय कडू निघतं. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, आणि ते विषारी असतं. शिजवून नष्ट होत नाही. कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका, वाया जाईल म्हणून कुणी खाऊ नये.

लिंबाची बी वाळू न देता लगेच पेरा. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर दचकू नका. लिंबूवर्गात एका बीत पुष्कळदा अनेक गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे आईची प्रतच असतात. फळासाठी मात्र कित्येक वर्षं. अवोकाडोची बीही वाळलेली चालत नाही, आणि दोन ते आठ आठवडे लागतात, म्हणून तुमची अजून टाकू नका. रुंद बाजू पाण्यात आहे ना, बघा. फळ पाच ते तेरा वर्षांनी येईल किंवा येणारही नाही, आणि आलं तरी तुम्ही खाल्लेल्या फळासारखं असेलच असं नाही. हास अवोकाडोच्या जगभरच्या बागा कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास यांच्या एका रोपाची कलमं आहेत, 1935 मध्ये पेटंट घेतलेलं रोप, आणि ते बीतूनच योगायोगाने निघालं होतं. तेव्हा बी लावायला मी कुणाला अडवत नाही. फक्त तिला घरातलं सुंदर झाड म्हणून वाढवा.

अननसाचा शेंडा हा फळझाडांतला खरा आशेचा तुकडा. गर पूर्ण काढा, खालची पानं सोलून दोन-तीन सेंटिमीटर खोड उघडं करा, काही दिवस वाळवा, मग निचऱ्याच्या मातीत लावा. दीड-दोन वर्षांनी, ऊब असेल तर, एक फळ. मोठं झालेलं झाड फुलत नसेल तर पिकलेल्या सफरचंदासोबत आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत झाकून ठेवा, उन्हापासून दूर. सफरचंदातून निघणारा एथिलीन वायू त्याला फुलायला लावतो. केळ्याच्या फोडीतून मात्र कधीच काही येणार नाही. आतले काळे ठिपके म्हणजे वाढलेच नाहीत असे बीजांड आहेत.

तुमच्याकडे आत्ता बशीत असलेलं ते गाजर फेकू नका. मुळं फुटली असतील तर ते खोल कुंडीत लावा. ते फ्रिजमध्ये महिना-दोन महिने राहिलेलं असेल तर त्याची फुलायला लागणारी थंडी कदाचित आधीच पूर्ण झाली आहे. पानांमधून एक उंच दांडा येईल आणि त्यावर पांढऱ्या फुलांची छत्री. ज्यांच्या अळ्या मावा ही कीड खातात अशा माश्यांची त्यावर वर्दळ लागते. फुलं वाळली की बी चोळून घ्या आणि खोल, भुसभुशीत मातीत पेरा. गाजर त्यातून येईल.